केसभर मोकळं

पसरणीच्या घाटात अर्ध्यावर गेलं की वाईची घरं खाली बारीक होतात आणि धोमच्या पाण्याचा एक तुकडा उन्हात चमकायला लागतो. मागच्या डिसेंबरात तिथल्या एका चढत्या वळणावर मी सायकलवरून उतरलो. दम शिल्लक होता, पायही चालत होते. पण मागच्या चाकापाशी जी खरखर चालली होती ती ऐकवेना. पहाटे साडेचारला पुण्यातून निघाल्यापासून सायकल गप्प होती. खंबाटकीला थोडी कुरकुरली, सुरूर फाट्याला वळल्यावर वाईपर्यंत पुन्हा गप्प. आणि इथे, जिथे तिच्या सगळ्यांत हलक्या गिअरची मला खरी गरज होती, तिथेच दातावर दात घासल्यासारखा आवाज.

गिअरची सायकल ज्यांनी जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मागच्या चाकाच्या आसावर दातेरी चकत्यांची उतरंड असते. माजघरात मडकी रचायचे तशी. मोठीवर लहान, तिच्यावर त्याहून लहान. हिला कॅसेट म्हणतात. तिच्याखाली लोंबणारा जो हात दिसतो तो डिरेलर. त्या हातात दोन चिमुकली दातेरी चाकं असतात आणि चेन त्यांच्यातून नागमोडी जाते. खालची पुली चेनचा ढिलेपणा ओढून धरते. वरची पुली चेनचं बोट धरून तिला एका चकतीवरून दुसरीवर नेते. ही वरची पुली आणि चकती यांच्यामध्ये एक फट असते. बहुतेक सायकलस्वारांच्या आयुष्यात ती फट कधी येतच नाही. माझ्याही आली नसती.

मी पन्नाशी ओलांडली आणि गुडघे बोलायला लागले, म्हणून २८ दातांची मोठी चकती असलेली कॅसेट काढून ३४ ची बसवून घेतली. पुढची लहान चकतीही ३४ दातांचीच. म्हणजे पायडलचा एक फेरा, चाकाचाही एकच फेरा. सायकल जेमतेम २.१ मीटर पुढे. पूर्वी त्याच फेऱ्यात अडीच मीटरहून जास्त ओढावं लागायचं. चढावर हा फरक किती मोठा असतो हे गुडघ्यांना कळतं.

पण सहा दात वाढले म्हणजे काय वाढलं, याचा हिशेब मी तेव्हा केला नव्हता. चेनची एक कडी अर्ध्या इंचाची, १२.७ मिलिमीटरची. चकतीला एक दात वाढला की तिचा परीघ तेवढ्याने वाढतो आणि त्रिज्या साधारण २ मिलिमीटरने. सहा दात, १२ मिलिमीटर. डिरेलर जिथल्या तिथे आणि चकतीची कड बारा मिलिमीटर त्याच्या अंगावर आलेली. जिथे आधी हवा होती तिथे आता पोलाद होतं.

ज्या दुकानात मी कॅसेट बदलून घेतली तिथल्या मेकॅनिकने गिअरच्या तारेचा ताण जुळवला, एच आणि एल हे हद्दीचे दोन स्क्रू तपासले, दुकानासमोरच्या सपाट रस्त्यावर एक चक्कर मारली आणि सायकल माझ्या हातात दिली. एच स्क्रूने चेन सगळ्यांत लहान चकतीच्या पलीकडे पडत नाही, एलने ती मोठीवरून आऱ्यांत जात नाही. तिसऱ्या स्क्रूला त्याने हात लावला नाही. सपाट रस्त्यावर चौतिसाची चकती कुणी वापरतच नाही, तेव्हा त्याला ऐकू तरी काय येणार? याचं मला वाईट वाटतं ते वेगळ्या कारणाने. सायकलचं काम करणाऱ्याने ती जिथे सगळ्यांत जास्त कष्टणार आहे तिथला विचार करून ती लावली पाहिजे. चढावरचा माणूस एकटा असतो. त्याच्या हातात तेव्हा दुकान नसतं.

त्यानंतरचे तीन आठवडे चूक माझी होती. आवाज आला की मी तारेच्या टोकाचा बॅरल अर्धा फेरा इकडे, पाव फेरा तिकडे फिरवत राहिलो. गिअरमध्ये काही बिघडलं की तार सैल झाली असणार, ही समजूत इतकी पक्की की दुसरीकडे नजर जात नाही. तारेने पुली आडवी सरकते, डावीकडे-उजवीकडे. माझी अडचण उभी होती. पुली चकतीच्या फार जवळ होती आणि मी तिला बाजूला सारत होतो.

घाटातल्या त्या वळणावर सायकल कठड्याला टेकवून मी पायडल हाताने उलटं फिरवलं आणि पहिल्यांदा नीट पाहिलं. वरची पुली चेनसकट मोठ्या चकतीवर बसली होती. पुलीचा दात चकतीच्या दातावर चढत होता, घसरत होता, पुन्हा चढत होता. उरलेला घाट मी एक गिअर जड ठेवून, जागेवरून उठून चढलो. पाचगणी आली तेव्हा उजवा गुडघा आतून धगधगत होता.

तिसऱ्या स्क्रूला बी-स्क्रू म्हणतात. डिरेलर ज्या कानावर टांगलेला असतो त्या हँगरच्या मागे तो दडलेला असतो, शोधावा लागतो. त्याचं टोक हँगरच्या एका खाचेला टेकतं. उजवीकडे फिरवला की तो हँगरला रेटा देतो आणि अख्खा डिरेलर मागे झुकतो, पुली चकतीपासून दूर जाते. डावीकडे फिरवला की जवळ येते. एवढंच. बाकीचे दोन स्क्रू कुठे थांबायचं ते सांगतात. हा किती जवळ जायचं ते ठरवतो.

या फटीसाठी केवढी बुद्धी खर्ची पडली आहे हे मला नंतर वाचताना कळलं. टूर द फ्रान्स या शर्यतीने डिरेलरला परवानगी दिली ती १९३७ साली. शर्यतीचा जनक आंरी देग्रांज गिअरच्या विरोधात होता. १९५१ मध्ये इटलीच्या कांपान्योलोचा ग्रान स्पोर्त बाजारात आला. चार सांध्यांची चौकट पुलीला आडवी सरकवते, ही आजही चालणारी रचना त्याच्यामुळे रुजली. पण ती पुली सरळ रेषेत सरकायची आणि कॅसेट तर उतरंड. मोठ्या चकतीशी फट बेताची ठेवली की लहानीपाशी ती भलतीच रुंद व्हायची. १९६४ मध्ये जपानमधल्या सनटूरच्या नोबुओ ओझाकी यांनी ती चौकटच तिरकी केली. आता पुली बाजूला सरकता सरकता उतरंडीच्या उतारानेच खाली यायला लागली आणि चकती कुठलीही असो, फट जवळपास तेवढीच राहिली. मला हा सायकलच्या इतिहासातला सगळ्यांत सुंदर विचार वाटतो. चाकं हलकी झाली, धातू बदलले, तारेच्या जागी बिनतारी संदेश आले. पण अंतर राखत बरोबर चालायचं, हे यंत्राला शिकवणं ही वेगळीच गोष्ट. सनटूरचं पेटंट १९८४ मध्ये संपलं आणि त्याच वर्षी शिमानोने दुरा-एस डिरेलरमध्ये तिरकी चौकट घेऊन तिला टिकटिक आवाज करत नेमक्या जागी थांबणाऱ्या खटक्याची जोड दिली. आज आपण अंगठ्याने दाबतो तो खटका तोच.

शिमानो ओसाकाजवळच्या साकाई गावची. साकाईच्या लोहारांनी सोळाव्या शतकात बंदुका घडवल्या, नंतर सुऱ्या, आणि पुढे त्या हातांचं कसब सायकलच्या सुट्या भागांत आलं. शोझाबुरो शिमानो यांनी १९२१ मध्ये तिथे काम सुरू केलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा घडवलं ते फ्रीव्हील. हे वाचलं आणि मी हातातलं पुस्तक खाली ठेवून कितीतरी वेळ बसून राहिलो. कारण मी मिरजेचा. आमच्या गावातली सतारमेकर गल्ली ज्यांच्यामुळे वसली ते शिकलगार होते, तलवारींना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात शस्त्रांचं काम आटलं आणि फरीदसाहेब शिकलगार आणि त्यांच्या घराण्यातल्या कारागिरांनी सतारी, तंबोरे करायला घेतले. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बंदुका घडवणारे हात आणि तलवारी परजणारे हात, दोन्ही शेवटी एका बारीक फटीपाशी आले. साकाईत ती पुली आणि चकतीमधली. मिरजेत तार आणि घोडीमधली.

त्या दुसऱ्या फटीला जवारी म्हणतात आणि ती मी लहानपणी रोज पाहिली आहे. माझी आत्या मिरजेला गाणं शिकवायची. सकाळी सहाला शिष्या यायच्या आधी ती तंबोऱ्याची गवसणी काढायची. खुंट्या पिळून तारा ढोबळ मानाने सुरात आणायच्या, मग खालचे मणी सरकवून बारीक फरक काढायचा, आणि शेवटी जवारी. भोपळ्यावरच्या घोडीचा माथा सपाट नसतो, किंचित उतरता असतो. तार त्याच्यावरून एकदम सुटत नाही, घसटत घसटत सुटते. तार आणि माथा यांच्यामध्ये सुताचा एक तुकडा घालतात. तो सरकवणं हे माझं काम होतं; माझी नखं बारीक होती. आत्या खर्जाची तार छेडायची आणि डोळे मिटून म्हणायची, “अजून. अजून. केसभर. थांब!” त्या केसभराच्या अलीकडे तार नुसती ठण्ण वाजायची, लाकडासारखी. पलीकडे गेलं की कर्कश झिणझिण. आणि मध्ये एका जागी आवाज उमलायचा, एका तारेतून कितीतरी सूर एकामागून एक बाहेर पडायचे आणि खोली भरून जायची. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा होतो. सुताचा तुकडा सरकवला की असं होतं, हे मला पाढ्यांसारखंच एक सत्य वाटायचं.

आत्या आता ८१ वर्षांची आहे आणि आमच्याकडेच असते. तंबोरा दिवाणखान्याच्या कोपऱ्यात. पसरणीहून आल्यानंतरच्या सोमवारी, ऑफिसातून येऊन जेवणं झाल्यावर, मी गॅलरीत सायकल उलटी करायला घेतली. मग लक्षात आलं की उलट्या सायकलवर डिरेलर नीट बघता येत नाही. म्हणून सीट कपडे वाळत घालायच्या दांडीला दोरीने टांगली, खाली वर्तमानपत्र अंथरलं. आत्या आतून आली.

“काय करायलास रे एवढ्या रात्री?”

मी सांगितलं. कॅसेट, पुली, फट. तिने वाकून बघितलं.

“म्हणजे जवारी लावायलास.”

“तसंच काहीतरी.”

“मग सकाळी लाव. थकलेल्या कानाने जवारीला हात लावू नये. रात्री सगळंच बरं वाटतं.”

मी ऐकलं नाही. दहा वाजेपर्यंत स्क्रू पुढेमागे करत राहिलो. खालून गाड्यांचा आवाज, शेजारच्या घरातला टीव्ही. मध्येच वाटे जमलं, पुढच्या फेऱ्यात वाटे नाही. शेवटी तसंच सोडून झोपलो.

सकाळी साडेपाचला चेन पुन्हा पुसली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. चेन पुढे लहान चकतीवर, मागे चौतिसावर. फट मोजायची ती इथेच, कारण दोघं सगळ्यांत जवळ येतात ते इथे. डिरेलर एका हाताने मागे ढकलून धरला की स्क्रूवरचा भार उतरतो आणि आटे खराब होत नाहीत. हे मला आदल्या रात्री सुचलं नव्हतं. दुसऱ्या हाताने पेचकस. उजवीकडे एक फेरा, पायडल उलटं, कान चकतीपाशी. घासतंय. आणखी एक. घासतंय, पण आता प्रत्येक दाताला नाही. तिसऱ्या फेऱ्याला आवाजाची जात बदलली. घासण्याऐवजी फक्त चेनच्या कड्या दातांवर बसल्याची मऊ, सलग सरसर. पुलीचं टोक आणि चकतीचं टोक यांच्यामध्ये मी ५ मिलिमीटरची ॲलन की घालून बघितली. अडकली. अर्धा फेरा आणखी. गेली, दोन्ही बाजूंना किंचित लागत गेली.

रस्त्यावरच्या सायकलींना पाच-सहा मिलिमीटर हे माप बहुतेकांना पुरतं. डोंगरातल्या सायकलींना आता ५१ दातांच्या चकत्या आल्या आहेत. त्यांची फट मोठी असते आणि काही कंपन्या डिरेलरच्या आतल्या पट्टीवर रेघच आखून देतात, तिच्यापाशी चकतीचं टोक आणा म्हणून. स्राम कंपनीने तर २०२३ मध्ये हँगर आणि बी-स्क्रू दोन्ही काढून टाकलेली रचना आणली. डिरेलर थेट चाकाच्या आसाशी जखडलेला. जुळवाजुळव बहुतेक कारखान्यातच झालेली. ती चांगली चालते यात शंका नाही. पण सकाळी साडेपाचला गॅलरीत बसून कानाने ती जागा शोधण्याचा तास ज्यांना मिळणार नाही, त्यांच्याबद्दल मला हळहळ वाटते.

मग मी एक मोह केला. पाचावर जर आवाज गेला, तर दहावर तो कधीच येणार नाही, असं वाटून आणखी तीन फेरे आवळले. पुली चकतीपासून चांगली लांब गेली. दिसायला अगदी निर्धास्त. दांडीवर टांगलेल्या सायकलवर एकेक गिअर बदलून बघितला. तिसऱ्या चकतीवरून दुसरीवर जायला चेन आढेवेढे घ्यायला लागली. खटका दाबायचा, पुली सरकायची, आणि चेन मात्र जुन्याच चकतीवर अर्धा फेरा रेंगाळून मग उडी मारायची. असं का, ते समोर दिसत होतं. पुली आणि चकती यांच्यामधला चेनचा जो तुकडा मोकळा असतो, तो लांब झाला की आडवा वाकतो. पुलीने दिलेला रेटा वाकण्यातच खर्च होतो. चकतीपर्यंत पोचतो तेव्हा त्यात जोर उरलेला नसतो. अकरा चकत्यांच्या कॅसेटमध्ये दोन चकत्यांमधलं अंतर चार मिलिमीटरही नाही. तेवढ्या जागेत नेमकं जायचं तर हात जवळ हवा.

कितीतरी सायकली मी अशा बघितल्या आहेत, बी-स्क्रू गच्च आवळून टाकलेल्या. आवाज नाही, तक्रार नाही, आणि गिअर कायम आळशी. मालकाला वाटतं सायकलच अशी आहे. मला हा उपाय घासण्याहून वाईट वाटतो. घासणारा गिअर निदान ओरडून सांगतो.

हे सगळं करताना पुलीला बोट लागलं आणि ती आडवी जराशी हलली. मी दचकलो, वाटलं, ढिली झाली की काय. ढिली नव्हती. शिमानोच्या या वरच्या पुलीला आसावर थोडं डावं-उजवं सरकण्याची मोकळीक मुद्दाम ठेवलेली असते. तार पुलीला चकतीसमोर साधारण नेमकं आणते. उरलेला किंचित फरक चेन स्वतःच पुलीला ओढून मिटवते. तिला अगदी पक्की बसवली असती तर गिअर लावणाऱ्याला दर आठवड्याला तार जुळवत बसावं लागलं असतं. खालच्या पुलीला ही सूट नाही. तिला गरज नाही.

अडीच फेरे मागे घेतले. ॲलन की पुन्हा घातली. सहज गेली, जागा उरली नाही. मग चेन सगळ्यांत लहान, ११ दातांच्या चकतीवर नेली आणि तिथेही पायडल उलटं फिरवून पुली लागत नाही ना ते बघितलं. डिरेलरचा कोन बदलला की तारेचा ताणही बदलतो, म्हणून बॅरल पाव फेरा. इथे मला मणी आठवला. खुंटी आधी, मणी मग. मण्याने खुंटीचं काम होत नाही. तीन आठवडे मी मणी फिरवत होतो.

आत्या चहा घेऊन गॅलरीच्या दारात येऊन बसली होती. तिला आता कमी ऐकू येतं. तिने मला चौतिसावर पायडल फिरवायला लावलं आणि डोळे मिटले. काही म्हणाली नाही. मग तंबोऱ्याकडे बोट करून म्हणाली, “त्याची गेलीये. जानेवारीत घेऊन चल.”

घेऊन गेलो. सतारमेकर गल्लीतल्या कारागिराने तारा उतरवल्या, घोडी हातात घेऊन उजेडासमोर डोळ्यांच्या रेषेत धरली. तीस वर्षांत तारांनी माथ्यावर बारीक चऱ्या पाडल्या होत्या. त्याने कानस घेतली, चार हात मारले, तारा चढवल्या, छेडल्या, पुन्हा उतरवल्या. असं सात-आठ वेळा. मोजायला त्याच्याकडे काही नव्हतं. मला ॲलन की लागली, याचं मला काही वाटत नाही. पहिल्यांदा त्या जागेच्या आसपास पोचायला काहीतरी माप लागतंच, आणि त्याच्याजवळ ते बापाच्या हाताखाली घालवलेल्या वर्षांचं होतं. शेवटी त्याने सूत घातलं आणि आत्याकडे बघितलं. ती म्हणाली, “केसभर.” त्याने केसभर सरकवलं. ऐकू कमी येणाऱ्या बाईला ते कसं कळलं मला माहीत नाही. तिचा तळहात भोपळ्यावर होता.

फेब्रुवारीत पुन्हा पसरणी चढलो. वाई सोडली तेव्हा ऊन कोवळं होतं. घाटात खालून येणाऱ्या एसटीचा आवाज दोन वळणं आधी ऐकू येत होता, टायरखालची बारीक खडी ऐकू येत होती, माझा श्वास येत होता. ते डिसेंबरातलं वळण आलं. चढ अंगावर आला म्हणून आणखी हलका गिअर घ्यायला मी खटका दाबला, तर तो हलेना. मान वळवून मागे बघितलं. चेन चौतिसावरच होती; कधी गेली ते कळलंच नव्हतं.